एक टन काड आत गेलं की बाहेर काय येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गव्हाच्या काडापासून इथेनॉल, शिवाय फरफ्युरल (रसायन उद्योगात लागणारा द्रव) आणि लिग्निन (काडाला ताठपणा देणारा घटक) बनवू पाहणाऱ्या एका नव्या कंपनीनं तुम्हाला प्रोसेस इंजिनिअरची नोकरी देऊ केली आहे. प्रयोगशाळेत साखरेचं यील्ड, म्हणजे काडातून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी हाती आलेला हिस्सा, 90 टक्क्यांच्या वर गेल्याचं ते सांगतात. विज्ञान सिद्ध झालेलं असताना या धंद्यातल्या इतक्या कंपन्या का बुडाल्या, आणि ही टिकेल की नाही हे आधी कसं ओळखायचं?

मी या कामात वीसहून जास्त वर्षं आहे. सुरुवात प्रीट्रीटमेंट विभागात, म्हणजे काड गरम वाफेत उघडायच्या कामात झाली, नंतर नवे कारखाने चालू करणाऱ्या पथकांत गेलो. त्यामुळे माझं उत्तर रिॲक्टरपासून सुरू होत नाही, वजनकाट्यापासून होतं. कंपनीकडे एका टनाचा हिशेब मागा. प्रयोगशाळेत दळून, चाळून, वाळवून ठेवलेल्या काडाचा हिशेब नको. शेतातून गठ्ठा बांधून, मातीसकट आणि ओलाव्यासकट ट्रकमधून उतरलेल्या टनाचा मागा. तो एका पानावर मांडता आला नाही, तर बाकीच्या सादरीकरणाला फार अर्थ उरत नाही.

तो हिशेब कसा दिसतो ते आधी करून दाखवतो, म्हणजे समोरच्यानं दिलेले आकडे तुम्हाला पडताळता येतील.

काट्यावर 1000 किलो काड आलं असं धरा. बऱ्या हंगामातही त्यात 15 टक्के पाणी असतं, म्हणजे कोरडा माल 850 किलो. त्यात सेल्युलोज (ग्लुकोज या साखरेची लांब साखळी) साधारण 36 टक्के, हेमीसेल्युलोज (मुख्यतः झायलोज या दुसऱ्या साखरेची साखळी) 22 टक्के, लिग्निन 18 टक्के. उरलेल्यात राख, माती, मेण, ॲसिटिक आम्लाचे अंश वगैरे. पिकाची जात, जमीन, कापणीची वेळ यांप्रमाणे हे आकडे हलतात, पण हलून फार लांब जात नाहीत.

सेल्युलोज झालं 306 किलो. ते फुटताना प्रत्येक दुव्यावर पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून वजन वाढून 340 किलो ग्लुकोज मिळायला हवं. हे झालं कागदावर. चांगल्या चाललेल्या कारखान्यात त्यातलं 80 ते 85 टक्के हाती लागतं, म्हणजे 280 किलोच्या आसपास. एका किलो ग्लुकोजमधून यीस्ट जास्तीत जास्त 511 ग्रॅम इथेनॉल देऊ शकतं, बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. प्रत्यक्षात 470 ग्रॅम धरा. म्हणजे 130 किलो इथेनॉल, 165 लिटर.

हेमीसेल्युलोजमधून कागदावर 210 किलो झायलोज निघायला हवं. ही साखर नाजूक असते. प्रीट्रीटमेंटच्या उष्णतेत तिचा काही भाग जळतो, म्हणून 160 किलो मिळाली तरी समाधान माना. साध्या यीस्टला झायलोज पचत नाही. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी 1990 च्या दशकात जनुकं घालून झायलोज आंबवणारं यीस्ट घडवलं, आणि आज कारखान्यांत त्या मार्गानं बनवलेली यीस्ट वापरली जातात. तरी ग्लुकोज संपल्यावरच ती झायलोजकडे नीट वळतात आणि हळू चालतात. त्यातून आणखी 65 किलो, म्हणजे 80 लिटर.

एकूण 245 लिटर, वजनात 195 किलो. क्लॅरियंट या स्विस रसायन कंपनीनं रोमानियात पोदारी इथे जो कारखाना उभारला, त्याची योजना वर्षाला अडीच लाख टन काडापासून 50 हजार टन इथेनॉलची होती, म्हणजे टनाला 200 किलो. आपला कागदी हिशेब त्याच्या अगदी जवळ येतो. म्हणून कुणी तुम्हाला ओल्या टनामागे 350 लिटर सांगितले, तर कोणत्या किलोतून ते येतात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ऊर्जेच्या बाजूनंही एकदा पाहा. कोरड्या काडात किलोला सुमारे 17 मेगाज्यूल उष्णता असते, टनात 14,500. 245 लिटर इथेनॉलमध्ये असते 5,200 च्या आत. एक तृतीयांशाच्या थोडी वर. उरलेली ऊर्जा लिग्निनमध्ये, न फुटलेल्या साखरेत आणि आपल्या नुकसानीत असते.

आता तुमच्या कंपनीच्या तीन उत्पादनांकडे येऊ. इथेच मी सर्वांत जास्त वेळा चूक पकडली आहे. इथेनॉल, फरफ्युरल आणि लिग्निन ही तिन्ही नावं एका ओळीत छान दिसतात. पण फरफ्युरल बनतं झायलोजपासून. ज्या झायलोजपासून ते बनवाल, त्यापासून इथेनॉल होणार नाही. म्हणजे 80 लिटर वजा करा. बदल्यात काय मिळेल? झायलोजच्या वजनाच्या 64 टक्के ही फरफ्युरलची सैद्धांतिक मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात तिच्या निम्म्याच्या आसपास हाती येतं, कारण तयार झालेलं फरफ्युरल त्याच गरम आम्लात पुन्हा डांबरासारखं चिकटून वाया जातं. कागदावरच्या 210 किलो झायलोजवरून टनामागे 65 किलो धरा.

लिग्निनचंही तेच. आपल्या टनात ते 150 किलो आहे. बहुतेक आराखड्यांत तेच बॉयलरमध्ये जातं, कारण प्रीट्रीटमेंटला आणि डिस्टिलेशनला वाफ लागते. ते विकायचं ठरवलं, तर वाफ कशावर करणार? बाहेरून इंधन आणलं तर खर्च वाढतो, आणि ते जीवाश्म इंधन असेल तर तुमच्या इथेनॉलचा कार्बनचा हिशेबही बिघडतो. काही सादरीकरणांत लिग्निन एका पानावर बॉयलरमध्ये जळतं आणि पुढच्या पानावर रेझिन कारखान्याला विकलं जातं. झायलोज एका पानावर आंबतं, दुसऱ्यावर फरफ्युरल होतं. प्रत्येक पान स्वतंत्र वाचलं तर बरोबर असतं. सगळ्या पानांवरचे किलो एकत्र मिळवले की बेरीज आत आलेल्या टनापेक्षा जास्त होते. ही बेरीज तुम्ही स्वतः करा. त्याला एक संध्याकाळ पुरते.

तुम्ही म्हणता विज्ञान सिद्ध आहे. आहेच, आणि बराच काळ आहे. हेन्री ब्रॅकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1819 मध्ये तागाच्या कापडाच्या चिंध्या गंधकाम्लात विरघळवून साखर काढून दाखवली होती. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या जॉर्जटाउन इथे 1910 मध्ये लाकूड गिरणीच्या भुशापासून अल्कोहोल बनवणारा कारखाना खरोखर चालू झाला होता. एन्झाइमची, म्हणजे सेल्युलोज तोडून साखर करणाऱ्या प्रथिनांची, गोष्टही जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे झपाट्यानं कुजत होते. त्याचा शोध घेताना जी बुरशी सापडली, तिच्यावर नेटिक इथल्या सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तीच आजची ट्रायकोडर्मा रीसी. आजही या धंद्यातली बहुतेक सेल्युलेज एन्झाइम तिच्याच वंशातून येतात. म्हणजे काडातून साखर निघते का, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच सुटला. रोज 1000 टन काड, वर्षातले 300 दिवस, न थांबता आत जातं का, हा प्रश्न मात्र बाकी राहिला. कंपन्या बुडाल्या त्या बहुतेक याच दारात.

हे दार जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकांत ते चार ओळींत संपतं.

काडाचा गठ्ठा घनमीटरला साधारण 150 किलो भरतो. वर्षाला तीन लाख टन लागणारा कारखाना धरा. पीक निघतं काही आठवड्यांत आणि कारखाना चालतो वर्षभर. म्हणजे हंगामाच्या शेवटी जवळजवळ सगळा साठा तुमच्या ताब्यात असला पाहिजे: 20 लाख घनमीटर. सहा मीटर उंच थप्प्या रचल्या तरी नुसत्या थप्प्यांना 33 हेक्टर जागा लागते. आगीचा बंब फिरायला दोन थप्प्यांमध्ये सोडायची जागा वेगळी. दिवसाला 1000 टन म्हणजे 18 टनांचे 55 ट्रक, रात्रंदिवस दर पंचवीस-सव्वीस मिनिटांनी एक. जमिनीचा कस टिकावा म्हणून सगळं काड उचलायचं नसतं. हेक्टरी दोन टन उचललं तर दीड लाख हेक्टरांवरच्या शेतकऱ्यांशी तुमचा व्यवहार असायला हवा. कारखाना मोठा केला की प्रत्येक लिटरमागचा यंत्रांचा खर्च उतरतो, पण काड आणखी लांबून आणावं लागतं आणि वाहतुकीचा खर्च चढतो. तेल शुद्धीकरण कारखान्याला ही अडचण नसते, त्याचं तेल नळातून येतं. म्हणून त्याच्याशी केलेली तुलना मी ऐकूनही घेत नाही.

ओल्या गठ्ठ्याची भीती वेगळीच. 20 टक्क्यांच्या वर ओलावा असला की आत जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, गठ्ठा आतून तापतो, साखर त्यांच्या पोटात जाते, आणि कधी कधी तो धुमसत जाऊन पेटतो. बाहेरून काही दिसत नाही. मी एका यार्डात रात्रभर उभा राहून थप्प्या उलगडताना पाहिल्या आहेत. सकाळी काळ्या पडलेल्या गठ्ठ्यांचा ढीग बाजूला पडलेला होता आणि आम्ही पंधरा दिवसांचा माल गमावला होता. त्या कारखान्यात ओलावा मोजायचं यंत्र काट्यावर होतं, पण ट्रकच्या वरच्या थरातल्या दोनच गठ्ठ्यांत ते खुपसलं जायचं.

मग येते माती. काडाच्या स्वतःच्या राखेत सिलिका भरपूर, त्यावर कापणी यंत्रानं जमिनीवरून उचललेली वाळू. दोन्ही मिळून पाच टक्के धरली तर रोज 50 टन काचकागद तुमच्या यंत्रांतून फिरतो. कोयत्याच्या पात्यांची, स्क्रूच्या कडांची, पंपाच्या पंख्यांची झीज आठवड्यांत दिसू लागते. भाताच्या पेंढ्यात तर नुसती राखच 15 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. काडातले दगड, तारेचे तुकडे, गठ्ठा बांधायची दोरी हे सगळं वेगळं काढावं लागतं. मी एका कारखान्यात तीन महिने फक्त दोरीशी झगडलो. ती प्लॅस्टिकची होती, गठ्ठे चिरणाऱ्या यंत्रातून निसटून कन्व्हेयरच्या दांड्याला गुंडाळली जायची, घर्षणानं वितळून गोळा व्हायची आणि बेअरिंग खायची. नकाशात त्या दोरीसाठी एक चौकोनही काढलेला नव्हता.

यानंतर सर्वांत अवघड जागा. हलकं, तंतुमय, घडोघडी पूल बांधून अडकणारं काड तुम्हाला 12 ते 15 बार दाबाच्या वाफेत ढकलायचं आहे, तेही सतत. त्यासाठी स्क्रू काडाला इतकं दाबतो की त्याचाच बूच तयार होऊन मागची वाफ अडते. ओलावा थोडा बदलला, काडाची लांबी बदलली की बूच ढिला पडतो आणि वाफ उलटी बाहेर फेकली जाते. मग शटडाउन, साफसफाई, पुन्हा तापवणं. आत 180 ते 200 अंश सेल्सिअसवर काही मिनिटंच हवी असतात. कमी झाली तर तंतू उघडत नाही आणि एन्झाइम आत शिरत नाही. जास्त झाली तर झायलोज जळून फरफ्युरल होतं आणि पुढे तेच यीस्टला मारतं. म्हणजे काड आत ढकलणारा हा फीडर दर तासाला अडखळत असेल, तर पुढच्या प्रत्येक टाकीत रोज वेगळाच माल जातो, आणि किण्वन (साखर आंबवण्याच्या) विभागातला माणूस विनाकारण शिव्या खातो.

ही एकट्या काडाची कहाणी नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेतले एडवर्ड मेरो यांनी 1980 च्या दशकात घन पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास केला. द्रव आणि वायूंवर चालणाऱ्या कारखान्यांच्या मानानं ते आपल्या ठरलेल्या क्षमतेपासून बरेच मागे राहतात, आणि त्याचं कारण बहुधा रसायनात नसून माल हाताळण्यात असतं, असं त्यांना दिसलं. जैवइंधनाची लाट आली तेव्हा हा अभ्यास वीस वर्षं जुना होता. तो वाचणारे थोडे होते.

पुढचा सगळा कारखाना त्यामानानं सरळ आहे, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, पाणी. काडाचा लगदा 20 टक्क्यांहून घट्ट केला तर तो ओल्या चिखलासारखा होतो, ढवळत नाही. म्हणून आपल्या एका टनासाठी सव्वाचार टनांचा लगदा फिरवावा लागतो आणि शेवटी त्यात इथेनॉल असतं साडेचार टक्के. मक्याच्या स्टार्चमधून त्याच्या तिप्पट तीव्रता सहज मिळते. हे पाणी तापवायचं, इथेनॉल काढून घ्यायचं, आणि उरलेलं साडेतीन टन सांडपाणी शुद्ध करायचं. दुसरी, एन्झाइम. सेल्युलोजच्या दर ग्रॅमला 15 ते 20 मिलिग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे टनामागे पाच-सहा किलो शुद्ध प्रथिन. कंपनी एन्झाइम स्वतः बनवते की विकत घेते, आणि डोस प्रयोगशाळेतला आहे की मातीमिश्रित मालावरचा, हे विचारा.

आता बुडालेल्यांकडे. अमेरिकेत 2014-15 च्या सुमाराला तीन मोठे कारखाने एकापाठोपाठ उघडले. ॲबेंगोआचा कॅन्सासमधल्या ह्यूगोटनचा, पोएट-डीएसएमचा आयोवातल्या एमेट्सबर्गचा, आणि ड्यूपाँटचा आयोवातल्याच नेवाडा गावचा. ह्यूगोटनचा 2015 अखेरीस थांबला आणि मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. ड्यूपाँटनं 2017 मध्ये काम थांबवलं. एमेट्सबर्गला प्रीट्रीटमेंटशी अनेक वर्षं झुंजावं लागलं आणि 2019 मध्ये इथेनॉलचं उत्पादन थांबवलं गेलं. इटलीत क्रेशेंतिनोचा कारखाना मालक कंपनीच्या 2017 च्या दिवाळखोरीबरोबर बंद पडला आणि पुढे एनी या इटालियन तेल कंपनीच्या वर्सालिसनं घेतला. पोदारीचा 2021 मध्ये पूर्ण झाला आणि 2023 च्या डिसेंबरात बंद करायचं ठरलं. या प्रत्येकामागे धोरण, तेलाचे उतरलेले भाव, मालकाची इतर कर्जं अशी मिश्र कारणं होती, आणि सगळ्याचा दोष मी स्क्रूवर टाकत नाही. पण क्षमतेच्या जवळ सतत चालणारा कारखाना वाईट दिवस काढू शकतो. जो निम्म्यावर अडखळतोय, त्याला भाव उतरले की आधार राहत नाही.

काड सोडून लाकूड घेतलं, एन्झाइम सोडून उष्णता घेतली, तरी हा हिशेब टळत नाही. रेंज फ्युएल्सनं जॉर्जियातल्या सोपर्टन इथे 2007 मध्ये लाकडापासून वायू आणि वायूपासून इथेनॉल करायचा कारखाना बांधायला घेतला. थोडं मिथेनॉल बनवून तो 2011 मध्ये बंद पडला. किओर कंपनीनं मिसिसिपीतल्या कोलंबस इथे पाइनच्या चिप्स उत्प्रेरकावर तापवून थेट तेल काढायचं ठरवलं. ती 2014 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली, आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं, टनामागच्या यील्डबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा ठपका कंपनीवर ठेवला. पाहा, तिथेही वाद एका टनात किती, याच आकड्याचा होता. पायरोलिसिसचं, म्हणजे लाकूड हवेशिवाय तापवून काढलेलं तेल वजनानं 65-70 टक्के निघतं हे खरं आहे, पण त्यात पाव हिस्सा पाणी असतं, ऑक्सिजन भरपूर असतो, ते आम्लधर्मी असतं आणि साठवल्यावर घट्ट होत जातं. त्याला पेट्रोल-डिझेलच्या रांगेत आणायला हायड्रोजन लागतो, आणि ऑक्सिजन निघून जाताना वजनही जातं. 70 टक्के हा आकडा ऐकून कुणी भुलू नये.

मग टिकलं कोण? याचं उत्तर मला फार आशादायक वाटतं, आणि तुमच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे.

नॉर्वेत सार्प्सबोर्ग इथली बोरेगार्ड पाहा. 1889 पासूनची, लाकडाचा लगदा बनवणारी कंपनी. स्प्रूसच्या लाकडातून सेल्युलोज काढताना उरणाऱ्या द्रावात साखर असते, तिच्यापासून 1938 पासून इथेनॉल. त्याच द्रावातल्या लिग्निनपासून लिग्नोसल्फोनेट, जे काँक्रीट कमी पाण्यात वाहतं ठेवायला वापरतात. आणि लिग्निनमधूनच व्हॅनिलिन. तिथे इंधन हे मुख्य उत्पादन कधीच नव्हतं. किमती रेणू किमती म्हणून विकायचा, आणि जो दुसऱ्या कशाला उपयोगी नाही त्याचं इंधन करायचं, अशी ती घडण आहे. तुमच्या कंपनीचं सादरीकरण उलट क्रमानं लिहिलेलं असेल, आधी इंधन आणि मग जमल्यास इतर उत्पादनं, तर त्यांना क्रम बदलून हिशेब करायला सांगा.

दुसरं उदाहरण फरफ्युरलचंच. क्वेकर ओट्सनं 1922 मध्ये आयोवातल्या सिडर रॅपिड्स इथे ओटच्या तुसापासून फरफ्युरल बनवायला सुरुवात केली. तूस त्यांच्याच गिरणीत साचत होतं. गोळा करायचा, आणायचा, साठवायचा खर्च धान्यानं आधीच उचलला होता. फिनलंडमध्ये लापेनरांता इथे यूपीएमनं 2015 मध्ये डिझेलचा कारखाना सुरू केला, तो टॉल ऑइलवर, म्हणजे लगदा गिरणीतून आधीच वेगळ्या निघणाऱ्या द्रवावर. ब्राझीलमध्ये राइझेननं पिरासिकाबाजवळ चोथ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना साखर कारखान्याच्या शेजारीच बांधला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: कच्चा माल दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कारणासाठी, आधीच दारात आणून ठेवला होता. तुमच्या कंपनीचं काड कोण आणणार, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

नेवाडा गावच्या कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. जर्मनीच्या वर्बिओनं तो 2018 मध्ये घेतला आणि 2021 च्या अखेरीस तिथे मक्याच्या ताटांपासून इथेनॉलऐवजी मिथेन बनवायला सुरुवात केली. हवाविरहित टाकीतले जिवाणू काडाच्या बाबतीत फार चोखंदळ नसतात. त्यांना झायलोज चालतं, ॲसिटिक आम्ल चालतं, शुद्ध साखर लागत नाही, उच्च दाबाचा फीडर लागत नाही. लिग्निन ते खात नाहीत, पण उरलेला गाळ खतासारखा शेतात परत जाऊ शकतो. रेंज फ्युएल्सची सोपर्टनची जागा लान्झाटेक कंपनीनं 2012 मध्ये विकत घेतली, आणि 2024 मध्ये त्याच आवारात लान्झाजेटनं इथेनॉलपासून विमानाचं इंधन बनवणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन केलं. त्याला कच्चा माल म्हणून द्रव इथेनॉल लागतं, लाकूड नाही. दोन्हीकडे जागा तीच राहिली, दार मात्र बदललं.

इतर उत्पादनांबद्दल एक धोका मात्र उलट बाजूनं आहे: बाजाराचा आकार. इंधनाचा समुद्र आहे. तुमचा सगळा माल त्यात जिरेल, पण भाव कमी मिळेल. फरफ्युरलची जगभरची मागणी वर्षाला काही लाख टन आहे. तीन लाख टन काडाचा एक कारखाना त्यात 20 हजार टन ओतू शकतो. असे दोन-तीन कारखाने उभे राहिले की ज्या भावावर आराखडा आखला तो भाव राहत नाही. व्हॅनिलिनचा बाजार तर त्याहून कितीतरी लहान. बायोअँबर नावाच्या कंपनीनं कॅनडात सार्निया इथे साखरेपासून सक्सिनिक आम्ल बनवलं. रसायन जमलं होतं, पण खरेदीदार अपेक्षेइतके आले नाहीत, आणि 2018 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. म्हणून किमती उत्पादनाचं नाव ऐकल्यावर पहिला खरेदीदार कोण हे विचाराच, पण दुसरा आणि तिसरा कोण, हे त्याहून आवर्जून विचारा.

तेव्हा मुलाखतीला जाल तेव्हा काय कराल? पायलट प्लांट (चाचणीचा छोटा कारखाना) सलग सर्वांत जास्त किती तास चालला ते विचारा, आणि तो थांबला तेव्हा कशामुळे. उत्तरात एन्झाइम आलं तर ठीक, पण फीडर, कन्व्हेयर, चोंदलेली नळी हे शब्द एकदाही आले नाहीत, तर एकतर प्लांट फारसा चाललाच नाही, किंवा चालवणारा माणूस तुमच्यासमोर बसलेला नाही. 90 टक्के यील्ड कोणत्या काडावर मिळालं ते विचारा. एका कंपनीत मी असं उत्तर ऐकलं होतं की पायलटसाठी काड हातानं निवडून, पोत्यात भरून यायचं. तिथे मला आकडे खोटे दिसले नाहीत. ते दुसऱ्याच मालाचे होते. मग एका टनाचं पान मागा, किलोंची बेरीज करा, लिग्निन आणि झायलोज दोनदा मोजले गेलेत का ते बघा. हजार तासांहून जास्त सलग चालवल्याची नोंद, शेतातला खरा माल आणि जुळणारी बेरीज, या तीन गोष्टी मिळाल्या तर मी तुमच्या जागी असतो तर रुजू झालो असतो. तिन्ही नसल्या आणि तरीही ते मोकळेपणानं तसं सांगत असतील, तरी विचार करण्यासारखं आहे. अशा जागी पहिल्या दोन वर्षांत जे शिकता येतं ते मोठ्या, स्थिर कारखान्यात दहा वर्षांत मिळत नाही. फक्त पगार थकला तर किती महिने काढता येतील, याचा हिशेब आपल्या घरात आधी करून ठेवा.

रुजू झालात तर पहिले सहा महिने यार्डात आणि फीडरवर मागून घ्या, किण्वन विभाग नंतरही मिळेल. आणि भेटीच्या दिवशीच यार्ड पाहायला मिळालं, तर प्रत्येक थप्पीत लांब सळईचं तापमापक खुपसून रोज नोंद होते का ते पाहा. थप्पीच्या वरच्या गठ्ठ्याची नोंद पुरत नाही. मधल्या, खालच्या, पावसाच्या बाजूच्या गठ्ठ्याची हवी.